ट्यूब, होडी, कयाक : भंडारदऱ्याच्या पाण्यावरची शंभर वर्षं

डिसेंबरातली पहाट होती. मुरशेतच्या पुढे, रस्ता पाण्याला अगदी लागून जातो तिथे गाडी उभी करून आम्ही तिघांनी हवेच्या दोन कयाक फुगवल्या. पाण्यावर धुकं इतकं दाट होतं, की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. मी हातभर लांब रॉडला चमकदार खोटा मासा बांधला, काठापासून थोडं आत गेलो आणि पहिला फेक टाकला. तिसऱ्या की चौथ्या फेकीला रॉड वाकला. असा वाकला, की मी ओरडलोच. कयाक त्या ओढीनं हळूहळू पुढे सरकायला लागली. मित्र फोन काढून व्हिडिओ घेऊ लागला.

मासा नव्हता. जाळं होतं. खोट्या माशाचे तीन-तीन काटे नायलॉनच्या जाळ्यात असे गुंतले, की सोडवता सोडवता वीतभर भगदाड पडलं. आणि मग धुक्यातून एक माणूस आला. ट्रकच्या टायरची काळी ट्यूब, तिच्यावर आडवी फळी, फळीवर उकिडवा बसलेला साठी ओलांडलेला माणूस. दोन्ही हातांत ताटलीएवढी लाकडी वल्ही. त्यानं जाळं पाहिलं, माझा रॉड पाहिला आणि विचारलं, "पाव्हणं, मासा लई मोठा व्हता का?"

मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. काठावर चला म्हणाले. तिथे दगडावर बसून त्यांनी जाळं विणायची सुई काढली आणि माझ्या हातात जाळ्याची एक कड दिली. "ताणून धरा." दीड तास मी जाळं ताणून धरलं. त्या दीड तासात मामा जे बोलले त्यातलं एक वाक्य मी घरी घेऊन आलो. "तुमची नाव जिथं व्हती ना, तिथं खाली आमचं खाचर हाय."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय.

पाणी कुणासाठी अडवलं?

भंडारदऱ्याला जाणाऱ्या बहुतेकांना तो तलाव निसर्गाचाच भाग वाटतो. मलाही वाटायचा. एका बाजूला रतनगड, दुसरीकडे कळसूबाईची रांग, मधे निळं पाणी. पण हे पाणी पुरतं शंभर वर्षांचं आहे. त्याआधी इथे प्रवरा नदी होती, तिला मिळणारे ओढे होते आणि उतारावर भाताची खाचरं होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दख्खनमध्ये लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९००. नगर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग त्यात होरपळला. सरकारनं १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळतो आणि माणसं खाली, पर्जन्यछायेत उपाशी मरतात. तेव्हा माथ्यावर पाणी अडवून कालव्यानं खाली न्यायचं, असा तो विचार. घाटघर-रतनवाडीचा पाऊस ज्यानं एकदा अंगावर घेतलाय, त्याला हा विचार पटायला वेळ लागत नाही. १९१० मध्ये भंडारदऱ्याला काम सुरू झालं आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दगडी बांधकामाची भिंत ८० मीटरहून उंच. तेव्हाच्या भारतातल्या सगळ्यांत उंच धरणांपैकी ते एक होतं. धरण 'विल्सन डॅम' झालं, जलाशय 'आर्थर लेक'.

याच खोऱ्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. पाऊणशे वर्षांनी त्यांच्याच डोंगरातल्या पाण्याला दोन इंग्रजी नावं मिळाली.

जलाशयात सुमारे ११ टीएमसी पाणी मावतं. ते नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. या पाण्यावर ऊस उभा राहिला. १९५० च्या सुमाराला लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराच्या इतिहासात प्रवरेचं नाव लागलं. शाळेत आपण हा धडा वाचतो. त्या धड्यातलं पाणी मुरशेत-रतनवाडीच्या खाचरांवर उभं आहे, हे मला जाळं ताणून धरेपर्यंत सुचलं नव्हतं.

धरणाचं काम चालू असतानाच, १९२१ मध्ये, दक्षिणेला मुळशीत सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला होता. भातखाचरं बुडणाऱ्या मावळ्यांचं दुःख तिथं महाराष्ट्रभर पोचलं. भंडारदऱ्याच्या बाजूनं दुष्काळ होता, आणि दुष्काळाशी वाद घालणं कठीण असतं.

'कोळी' म्हटलं की समुद्र?

जलाशयाच्या काठच्या गावांत बहुतांश वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. शहरातून आलेला माणूस 'कोळी' हा शब्द ऐकतो आणि लगेच म्हणतो, "म्हणजे मासेमारी तुमचा पिढीजात धंदा!" मीही मामांना तेच म्हणालो होतो. ते हसले.

महादेव कोळी डोंगरातले. नागली, वरई आणि भात पिकवणारे, किल्ल्यांच्या चौक्या सांभाळणारे. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात त्यांच्यावर पहिला मोठा वृत्तांत लिहिला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५७ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. किनाऱ्यावरच्या सोनकोळ्यांची होडी आणि यांचा नांगर, यांच्यात साम्य फक्त नावाचं. नगर जिल्ह्यात नदीवर पिढीजात जाळं टाकणारा समाज वेगळा, भोई.

याचा अर्थ डोंगरातली माणसं मासे धरत नव्हती असा नाही. पहिला मोठा पाऊस झाला की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्यात, ओढ्यातून थेट खाचरात चढतात. ते चढणीचे मासे. ते धरायला होडी लागत नाही. बांबूच्या कामट्यांचा सापळा, टोपली, नाहीतर नुसते हात पुरतात. रात्री बॅटरी घेऊन खेकडे धरायचे ते वेगळंच. पण हे सगळं गुडघाभर पाण्यातलं आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांचं. बाकीचे दिवस शेत.

धरणानं गुडघाभर पाण्याच्या जागी कित्येक पुरुष खोल पाणी आणलं. शेत गेलं आणि पाणी आलं. खोल पाण्यावर कसं बसायचं, हे शिकण्यात पुढच्या पिढ्या गेल्या. मामांचे आजोबा शेतकरी होते, वडील अर्धे शेतकरी अर्धे मजूर, आणि मामा ट्यूबवर. एका घराच्या तीन पिढ्यांत एका तलावाचा इतिहास बसतो तो असा.

माशांची नावं मराठी, पुस्तकं इंग्रजी

आम्ही हौशी गळवाले ज्या माशाच्या नावानं सुस्कारे सोडतो तो म्हणजे महसीर, आपल्याकडचा खडस. सोनेरी खवल्यांचा, खळाळत्या पाण्यातला. त्याचं शास्त्रीय नाव 'टोर खुद्री'. यातलं 'खुद्री' काय आहे, हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. ते मराठी आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर आकडेवारी गोळा करत फिरत होता. त्यानं भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांमधले मासे पाहिले, चितारले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. नवी नावं देताना त्यानं मासेमारांनी सांगितलेली नावंच लॅटिनच्या जोडीला लावली. खुद्री, कोळस, नुक्ता. मासे दाखवणाऱ्यांची नावं त्या वर्णनात नाहीत, पण त्यांच्या तोंडचे शब्द आज जगभरातल्या संग्रहालयांत बाटल्यांवर चिकटलेले आहेत.

पुढे साहेबांनी महसीरला खेळ केलं. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यानं १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि महसीर हा गळाला लागल्यावर सामन माशापेक्षा जास्त झुंजतो, असं ठासून सांगितलं. त्याच साली फ्रान्सिस डे या डॉक्टरनं देशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. लहान मासे बेसुमार मारले जातात, ही त्याची काळजी. १८९७ मध्ये मासेमारी कायदा आला. पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरलं. कायदा चांगला होता. पण खेळणारा साहेब आणि पोटासाठी मारणारा गावकरी एका पाण्यावर आले, की नियम कोण लिहितो हे त्यात दिसतं. आमचा हौशी गळवाल्यांचा वंश त्या साहेबापासून सुरू होतो, हे मान्य केलेलं बरं.

स्वातंत्र्यानंतर हौस देशी झाली. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद गळ टाकत बसू लागले. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि तिथली पिल्लं देशभरातल्या पाण्यांत सोडली गेली. हेतू स्वच्छ होता. पण त्यातली काही दूर कावेरीत गेली, तिथे माजली आणि तिथल्या मूळच्या कुबड्या महसीरची जागा आक्रसत गेली. तो कुबड्या मासा आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. पाण्यात काय सोडायचं, हा प्रश्न पाण्यातून काय काढायचं याच्याइतकाच जड आहे.

जाळ्यातले मासे आले कुठून?

मामांच्या जाळ्यात त्या सकाळी कटला होता, दोन रोहू होते आणि मूठभर चिलापी. यातलं प्रवरेचं मूळचं कुणीच नाही. चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतली. १९५२ मध्ये भारतात आणली. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साठलेल्या तलावात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करावं लागे.

ही अडचण सुटली ती १० जुलै १९५७ ला ओडिशात. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना हौदात अंडी घालायला लावलं. तो दिवस आता मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या इंजेक्शनमुळे महाराष्ट्रातल्या धरणांत दरवर्षी बोटभर लांबीची पिल्लं, म्हणजे बोटुकली, सोडणं शक्य झालं.

बोटुकलीसोबत कागद आले. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय खातं ठेक्यानं देतं, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्थेनं बीज सोडायचं, सभासदांनी मासे धरायचे. म्हणजे तुम्हाला 'जंगली' वाटणाऱ्या पाण्यातला प्रत्येक कटला कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. मी 'फक्त हौस' म्हणून टाकलेला गळ कुणाच्या तरी गुंतवणुकीत पडतो.

खडसाची गोष्ट उलटी. त्याला गोट्यांवरून वाहणारं पाणी हवं आणि विणीसाठी वर चढायची वाट हवी. धरणाच्या भिंतीनं ती वाट तोडली. भिंतीच्या वरच्या अंगाला रतनवाडीकडचे ओढे तेवढे उरले. "लहानपणी पहिल्या पावसात वढ्याला खडस चढायचा, आता नावालाच," मामा म्हणाले.

दोन नावांची एक गोष्ट

आता नावांकडे येतो, कारण माझी फुशारकी तिथेच उतरली.

कयाक मूळची ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची, शिकारीची नाव. जिथे झाड उगवत नाही तिथे वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं शिवायचं आणि शिकाऱ्याच्या शरीराच्या मापानं ती बेतायची. हाताशी असेल त्यातून पोट भरण्यासाठी केलेली वस्तू. युरोपात तिची हौस झाली. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलानं १८६५ मध्ये तशा लहान नावेतून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं. जर्मनीत १९०७ पासून क्लेपर या शिंप्यानं घडीची कयाक विकायला काढली. पिशवीत घालून रेल्वेनं न्यायची आणि नदीवर उघडायची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती झाल्या. म्हणजे इथे भंडारदऱ्याची भिंत उभी राहत होती, त्याच वर्षांत तिकडे शिकाऱ्याची नाव सुट्टीतलं खेळणं होत होती.

आणि ट्यूब? हाताशी असेल त्यातून पोट भरण्यासाठी केलेली वस्तू. टायर दुरुस्तीच्या दुकानातून जुनी ट्यूब आणायची, पंक्चर काढायचं, दोरीनं जाळी आवळायची, फळी टाकायची. ती नाही मिळाली तर थर्मोकोलचे ठोकळे गोणीत शिवून तराफा. लाकडी किंवा फायबरची होडी परवडली तर उत्तमच, पण ती एकट्याला उचलता येत नाही आणि इथे पाणी उन्हाळ्यात कित्येक मीटर खाली जातं. ट्यूब डोक्यावर घेऊन उतरता येतं. "आता गाड्यांना बिनट्यूबचं टायर आलं," मामा म्हणाले. "चांगली ट्यूब मिळना झालीय."

गंमत म्हणजे अमेरिकेतले हौशी लोकही पूर्वी ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून गळ टाकत. पुढे कंपन्यांनी तिला खुर्ची, खिसे आणि भारी किंमत दिली. तीच ट्यूब दुकानात गेली की 'गिअर' होते आणि मुरशेतच्या काठावर असली की गरिबी दिसते. खरा फरक एकच, आणि तो महत्त्वाचा: माझ्या अंगावर लाईफ जॅकेट होतं, मामांच्या अंगावर नव्हतं.

तो फरक मला महिनाभरानं नीट कळला. जानेवारीत आम्ही परत गेलो. मामांनी सांगितलं होतं, वारा सुटायच्या आत काठाला लागा. आम्ही ऐकलं नाही. दुपारी डोंगरांच्या मधून वारा पाण्यावर उतरला आणि हवेची हलकी कयाक पाचोळ्यासारखी भिरभिरत मध्यावर गेली. वल्हवून वल्हवून खांदे बधिर झाले. पाऊण तासानं आम्ही भलत्याच काठाला लागलो. जॅकेट असूनही माझे पाय थरथरत होते. मामा तेच पाणी रोज पहाटे, पोहता येतं एवढ्या भरवशावर ओलांडतात. पुढच्या खेपेला आम्ही एक जॅकेट त्यांच्यासाठी नेलं. ते घालतात की नाही हे मी विचारत नाही. ट्यूबला मागे बांधलेलं मात्र दिसतं.

आमचे नियम

आता आम्ही सात-आठ जण आहोत, नाशिक, संगमनेर, पुण्याचे. नियम तोंडीच आहेत. आधी गावात विचारायचं, संस्थेच्या माणसाची परवानगी घ्यायची, मगच नाव फुगवायची. रिकाम्या बाटल्यांची रांग तरंगताना दिसली की तिथे जाळं आहे. पन्नास हात लांब राहायचं. तीन काट्यांच्या जागी एक काटा, तोही बिनअडकणीचा. खडस लागला तर पाण्यातच सोडायचा, फोटोसाठी वर काढायचा नाही. पावसाच्या सुरुवातीला, विणीच्या दिवसांत, जायचंच नाही. अकरा वाजता काठावर.

यावर आमच्यातच वाद होतात. एक मित्र म्हणतो, "तलाव सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा." खरंय. पण 'सगळ्यांचा' या शब्दानंच हे पाणी एकदा इथून खाली गेलंय. खालच्या लोकांना त्याची गरज होती आणि त्यावर लाखो माणसं जगली, हेही खरं. कालव्याचं आवर्तन सुटलं की इथली पातळी उतरते आणि मामांना जाळी काढून नव्या काठावर लावावी लागतात. त्यांचं कॅलेंडर खालच्या उसाला बांधलेलं आहे. त्यात आता आमचे शनिवार-रविवार, काजव्यांचे दिवस, तंबू आणि स्पीकर यांची भर पडली. आम्ही आल्यानं काहींना पैसे मिळतात, हे मामाच सांगतात. जाळी फाटतात, हेही तेच सांगतात.

मागच्या मे महिन्यात मी एकटाच गेलो होतो. पाणी खूप खाली गेलं होतं. कयाक खांद्यावर घेऊन भेगाळलेल्या गाळातून चालत होतो, मामा पुढे. एका जागी ते थांबले. गाळातून दगडांची एक ओळ वर आली होती, कंबरेएवढ्या अंतरावर दुसरी. मला ती नुसती दगडांची ओळ वाटली असती.

"हा बांध," मामा म्हणाले. "आज्यानं रचलेला." मग पायानं थोडा गाळ बाजूला केला, एक निसटलेला दगड उचलला आणि जागेवर परत बसवला. महिनाभरात पाऊस येणार होता, पुन्हा सगळं बुडणार होतं. तरीही नीट ठोकून बसवला.

मी कयाक उचलली आणि बांधावर पाय न देता, वळसा घालून पाण्याकडे गेलो.